आवार कोणाचे आणि जबाबदारी कोणाची?

वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात, सोनेगाव (आबाजी) गावाजवळच्या मैदानावर २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी स्फोट झाला आणि सहा माणसे प्राणास मुकली. जखमींना सावंगीच्या रुग्णालयात हलवावे लागले. जुना दारूगोळा निकामी करण्याचे काम त्या मैदानावर चालत असे. मैदान पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराचे, दारूगोळा मध्य प्रदेशातील खमरिया येथील आयुधनिर्माणीचा, मजूर पुरविण्याचे काम कंत्राटदाराचे आणि राबणारे हात आसपासच्या खेड्यांतील माणसांचे, अशी त्या सकाळची वाटणी होती. मृतांत निर्माणीचा एक कर्मचारी होता. बाकीचे बहुतेक रोजंदारीवर आलेले याच पंचक्रोशीतील लोक होते. मैदान निर्माणीला केवळ वापरण्यासाठी देण्यात आले होते, असे तेव्हा सांगण्यात आले.

हा खुलासा खोटा होता असे म्हणण्याचे कारण नाही. किंबहुना तो खरा होता, हीच चिंतेची बाब आहे. जमीन एकाची, माल दुसऱ्याचा, माणसे तिसऱ्याची अशी व्यवस्था कागदोपत्री पूर्णपणे वैध असू शकते आणि तरीही तिच्यात मरणाऱ्या माणसाला कोणीच धनी उरत नाही. अशा वेळी जबाबदारी नेमकी कोणाच्या माथी येते, हा प्रश्न एका गावापुरता वा एका खात्यापुरता राहत नाही. शाळा, बँक, चित्रपटगृह, बाजार समितीचे आवार, रुग्णालय, कारखाना अशा दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत प्रत्येक नागरिक दररोज पाऊल टाकत असतो. त्या जागेतून तो सुखरूप बाहेर पडेल, हे पाहण्याचे कर्तव्य कोणाचे?

कुंपणाच्या आतील मरण

सोनेगावच्या घटनेपूर्वी अडीच वर्षे, ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर, याच पुलगावच्या भांडारात भीषण आग लागली होती. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह १९ जण त्या आगीत दगावले. त्यांतील बहुतेक आग विझविण्यासाठी धावून गेलेले अग्निशमन दलाचे कर्मचारी होते. भोवतालच्या खेड्यांतील लोकांना रात्रीच घरे सोडून निघावे लागले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी पुलगावला भेट दिली, चौकशी सुरू झाली आणि रणगाडाविरोधी सुरुंगांतील दोषांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. सुरुंग बनविणारे एक खाते, ते साठविणारे दुसरे आणि त्यांची आग विझविताना जळणारे तिसरे, हा क्रम पुढे सोनेगावला दिसला त्याहून फारसा निराळा नव्हता.

विदर्भाच्या या पट्ट्यात अशा घटना अपवादात्मक राहिलेल्या नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. नागपूरजवळच्या बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊ कामगार मृत्युमुखी पडले. भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुधनिर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी आठ जणांचा बळी गेला. खुद्द वर्धा तालुक्यात भूगावच्या पोलाद कारखान्यात ३ फेब्रुवारी २०२१ रोजी ३८ कामगार होरपळले. ज्या जागेत स्फोटकाचा कणही नव्हता त्या भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे दहा नवजात बालके आगीत दगावली. प्रत्येक घटनेचे तात्कालिक कारण वेगळे होते. परंतु प्रत्येक ठिकाणी एक आवार होते, त्या आवाराला फाटक होते आणि फाटकावर कोणाचा तरी हुकूम चालत होता.

घड्याळाच्या मनोऱ्यापासून

इंग्लंडमध्ये १९५७ साली भोगवटादाराच्या दायित्वाचा स्वतंत्र कायदा झाला. जागेत रीतसर आलेल्या प्रत्येक व्यक्तीबाबत वाजवी काळजी घेणे हे जागा ताब्यात असणाऱ्याचे कर्तव्य, असे त्याने ठरविले. १९८४ च्या कायद्याने परवानगीविना शिरलेल्या माणसालाही काही प्रमाणात संरक्षण मिळाले. भारतात असा एकसंध कायदा अद्याप नाही. येथील तत्त्वे न्यायालयांच्या निर्णयांतून, एकेका दुर्घटनेच्या ढिगाऱ्यातून, वेचून काढावी लागतात.

दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळला आणि रस्त्याने जाणारी माणसे चिरडली गेली. मनोऱ्याला धोका असल्याचे बाहेरून दिसत नव्हते, असा बचाव महापालिकेने केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली तो फेटाळला. इमारत सुमारे ऐंशी वर्षांची होती, तिच्या चुन्याचे आयुष्य केव्हाच संपले होते आणि वेळोवेळी तपासणी करणे हे मालकाचेच काम होते. दोष दिसत नव्हता ही सबब तपासणीच न करणाऱ्याला उपलब्ध नाही, हा या निर्णयाचा सारांश आहे. मुदत संपलेला चुना आणि मुदत संपलेला दारूगोळा यांना एकच न्याय लावण्यास कोणाची हरकत असू नये.

यापुढची पायरी १९८५ च्या डिसेंबरात दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून झालेल्या वायुगळतीने गाठली गेली. भोपाळची जखम तेव्हा वर्षभराची होती. ‘रायलंड्स विरुद्ध फ्लेचर’ या १८६८ च्या इंग्रजी निर्णयानुसार धोकादायक वस्तू बाळगणारा तिच्यापासून झालेल्या हानीस जबाबदार असे, पण दैवी आपत्ती वा तिऱ्हाइताचे कृत्य अशा पळवाटाही त्याला मोकळ्या असत. न्यायमूर्ती भगवती यांच्या नेतृत्वाखालील घटनापीठाने या पळवाटा बंद केल्या. स्वभावतःच धोकादायक असलेला उद्योग चालविणाऱ्याचे दायित्व निरपेक्ष असते आणि उद्योग जितका मोठा व समर्थ तितकी भरपाई मोठी, असे त्यांनी सांगितले. १९८७ साली प्रसिद्ध झालेला हा निर्णय भारतीय न्यायव्यवस्थेची स्वतंत्र देणगी मानला जातो.

तथापि, तत्त्व उदार आणि व्यवहार कृपण, हा अनुभव त्यानंतरही आला. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षक गुदमरून मेले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली भरपाईचा ८५ टक्के भार चित्रपटगृहाच्या चालकांवर आणि १५ टक्के वीज मंडळावर टाकला. महापालिका व परवाना देणारे अधिकारी मात्र भरपाईतून सुटले. उच्च न्यायालयाने वीस वर्षांवरील मृतांसाठी १८ लाख रुपये ठरविले होते, ते १० लाखांवर आले. दंडात्मक भरपाई अडीच कोटींवरून २५ लाखांवर आली. तपासणीचा अधिकार असलेला, पण तो न वापरणारा, दायित्वातून निसटू शकतो, हा यातून निघालेला धडा शासकीय आवारांच्या बाबतीत विशेष गंभीर आहे. तेथे तपासणारा आणि तपासला जाणारा बहुधा एकाच छत्राखाली असतो.

धोक्याची किंमत

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास दायित्वाचा कायदा हा केवळ दयेचा भाग नाही. कोणत्याही उत्पादनाच्या खर्चात जसा कच्चा माल, मजुरी आणि वाहतूक यांचा समावेश होतो तसाच धोक्याचाही व्हावयास हवा. जो धोका निर्माण करतो त्यालाच त्याची किंमत मोजावी लागली, तर तो स्वतःच्या हिशेबानेच काळजी घेऊ लागतो: प्रशिक्षणावर खर्च करतो, माणसे कमी व अंतर अधिक ठेवतो, घाई टाळतो. ती किंमत दुसऱ्याच्या माथी ढकलता आली, तर काळजी घेणे हा त्याच्या लेखी निव्वळ तोटा ठरतो.

कंत्राटाची साखळी नेमके हेच करते. मूळ खाते काम कंत्राटदाराला देते. कंत्राटदार सर्वांत कमी दराची निविदा भरून ते मिळवितो. दर कमी ठेवण्यासाठी प्रशिक्षण, साधने आणि विमा यांनाच कात्री लागते. आणि शेवटच्या टोकाला असलेला मजूर दिवसाच्या रोजीत तो सगळा धोका विकत घेतो. अधिक धोक्याच्या कामाला अधिक मजुरी मिळते, असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. त्यासाठी मजुराला धोक्याचे ज्ञान आणि दुसऱ्या कामाचा पर्याय, दोन्ही असावे लागतात. पुलगावची कापड गिरणी बंद पडलेली, शेती कोरडवाहू, कापसाचा भाव लहरी, अशा गावातील तरुणाला यांपैकी काय उपलब्ध होते? पेटीत काय आहे हे त्याला कोणी सांगितले नसेल, तर त्याने धोका पत्करला असे म्हणणे ही भाषेची फसवणूक होय.

कायद्याला ही युक्ती ठाऊक नव्हती असे नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यानेच कंत्राटदाराच्या मजुराला अपघात झाल्यास मूळ मालकाकडून भरपाई मागण्याची सोय केली होती. त्यासाठीची एक कसोटी अशी की, अपघात मूळ मालकाच्या कामाच्या वा त्याच्या ताब्यातील आवारात झालेला असावा. म्हणजे कागदावर नोकर कोणाचा यापेक्षा आवार कोणाच्या ताब्यात हे अधिक महत्त्वाचे, ही दृष्टी शंभर वर्षे जुनी आहे. तिचा विस्तार करण्याऐवजी ती चुकविण्याची कला तेवढी वाढत गेली.

पहारा कशावर?

आवाराच्या जबाबदारीचे दुसरे अंग म्हणजे सुरक्षा. महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी कायदा केला आणि मंडळांमार्फत त्यांच्या वेतनाची व सवलतींची व्यवस्था लावली. केंद्राने २००५ साली खासगी सुरक्षा संस्थांना परवाना बंधनकारक करणारा कायदा केला. त्याखालील आदर्श नियमांत रक्षकासाठी १०० तासांचे वर्गातील व ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. कागदावर ही प्रगती खरीच आहे. परंतु फाटकावरचा पहारेकरी आजही मुख्यतः मालाचे माणसापासून रक्षण करण्यासाठी उभा असतो. आत जाणाऱ्याची झडती होते, बाहेर येणाऱ्याची पिशवी तपासली जाते, नोंदवहीत सही घेतली जाते. आतील मालापासून त्या माणसाचे रक्षण करणे हा त्याच्या कामाचा भाग आहे, असे त्याला कोणी शिकवीत नाही आणि तसा अधिकारही देत नाही.

बंद असलेला आपत्कालीन दरवाजा उघडण्याचा अधिकार रक्षकाला नसतो. प्रशिक्षण न घेतलेला मजूर धोक्याच्या क्षेत्रात जात असेल तर त्याला परत पाठविण्याचा अधिकारही त्याला नसतो. आणि संकट आल्यावर सर्वांत आधी धावायचे ते मात्र त्यानेच. पुलगावच्या आगीत मृत्यू पावलेल्या अग्निशामकांनी कर्तव्याची परिसीमा गाठली. त्यांच्या धैर्याचा गौरव झालाच पाहिजे. पण धैर्याची गरज पडू नये अशी व्यवस्था करणे हे ज्यांचे काम होते, त्यांची चुकवणूक या गौरवाखाली झाकली जाऊ नये.

सार्वभौमत्वाची ढाल

संरक्षण हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्यामुळे त्यातील अपघातांना सामान्य दायित्वाचा नियम लावता येणार नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६५ च्या कस्तुरीलाल प्रकरणातील निर्णयाचा आधार त्यासाठी पुष्कळदा घेतला गेला. परंतु मुंबई उच्च न्यायालयानेच साठच्या दशकाच्या अखेरीस, लष्करी वाहनाने केलेल्या अपघाताच्या प्रकरणात, यंत्राची ने-आण हे काही सार्वभौम कार्य नव्हे, असे म्हणून केंद्र सरकारला जबाबदार धरले होते. १९९३ च्या नीलाबती बेहरा प्रकरणानंतर तर मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल घटनात्मक भरपाई मागताना ही ढाल चालत नाही, हे स्पष्ट झाले आहे. युद्ध पुकारणे हे सार्वभौम कृत्य खरे. कंत्राटी मजुरांकडून जुन्या पेट्या उतरवून घेणे हे गोदामाचे काम आहे.

गोपनीयतेचा मुद्दा अधिक विचारार्ह आहे. भांडारात काय व किती आहे हे कोणी जगजाहीर करावे, अशी मागणी नाही. मात्र आत जाणाऱ्या मजुराच्या विम्याची पावती, त्याच्या प्रशिक्षणाची नोंद आणि अपघातानंतरची जबाबदारी यांत कोणते लष्करी गुपित दडलेले असते? उलट, १९०३ च्या संरक्षण-बांधकामविषयक कायद्यान्वये अशा ठिकाणांच्या भोवती दोन हजार वारांपर्यंत लोकांच्या बांधकामावर निर्बंध घालता येतात. राज्याचा हक्क कुंपण ओलांडून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचू शकतो, तर राज्याचे कर्तव्यही निदान तेथपर्यंत पोहोचले पाहिजे.

यासाठी १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा उपयोगी पडावा, अशी अपेक्षा होती. धोकादायक पदार्थ हाताळताना अपघात झाल्यास दोष सिद्ध न करता तातडीची मदत मिळावी, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा आणि त्यांनी तो शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावा, अशी त्याची योजना आहे. पण कायदा झाला तेव्हा मृत्यूबद्दलची रक्कम अवघी २५ हजार रुपये होती, कामगार त्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले आणि सरकारी मालकांना निधी उभारण्याच्या अटीवर विम्यातून सूट देण्याची तरतूदही त्यातच आली. जेथे धोका सर्वांत मोठा, तेथेच सवलतीचे दार उघडे, असा हा प्रकार झाला.

नव्या संहितेची कसोटी

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत एक वाक्य असे आहे की, त्याचा गाजावाजा व्हायला हवा होता. कामाच्या आवारात असलेल्या कर्मचारी, कामगार व अन्य व्यक्तींच्या सुरक्षिततेस नियोक्ता जबाबदार राहील, मग त्या व्यक्ती त्याच्या माहितीने तेथे असोत वा माहितीविना, असा त्या तरतुदीचा आशय आहे. मृत्यू ओढवल्यास होणाऱ्या दंडातील किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेशही न्यायालयाला करता येतो. इंग्लंडने दोन कायद्यांत मिळविले त्याच्या जवळपास जाणारे हे तत्त्व आहे. ‘तो मजूर आमचा नव्हता’ हे उत्तर यापुढे अपुरे पडावे.

परंतु त्याच संहितेत कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण पन्नास वा अधिक मजूर लावणाऱ्यांनाच लागू आहे. केंद्र व राज्य सरकारांची कार्यालये एकूण संहितेतून वगळलेली असून कंत्राटी मजुरांपुरताच त्याला अपवाद आहे. दहा-पंधरा माणसे गोळा करून आणणारा गावपातळीवरचा कंत्राटदार या जाळ्यातून सहज निसटेल. आणि ‘कार्यालय’ या शब्दाच्या पोटात गोदामे, मैदाने व भांडारे कोंबण्याचा मोह खात्यांना होईल. हा मोह आवरायचा असेल तर नियम स्पष्ट हवेत. स्फोटके, वितळलेली धातू वा विषारी वायू यांच्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येक आवारात, मजूर एक असो वा शंभर, दायित्व आवाराच्या धन्याचेच राहील, असे राज्य व केंद्र सरकारांनी निःसंदिग्धपणे जाहीर करावे. जागा दुसऱ्या खात्याला वापरण्यास देणाऱ्याने आपली जबाबदारीही देऊन टाकली असे मानू नये. दोघांनाही भरपाईस बांधील धरावे आणि त्यांनी आपसांतला हिशेब मागाहून करावा, वारसांना त्यासाठी ताटकळत ठेवू नये. फाटकावरच्या नोंदवहीत माणसाच्या नावासमोर त्याच्या विम्याची व प्रशिक्षणाची नोंद असल्याखेरीज त्याला आत सोडू नये आणि असे अडविण्याचा अधिकार पहारेकऱ्याला लेखी द्यावा.

याला खर्च येईल, हे उघड आहे. दारूगोळा निकामी करण्याचा दर वाढेल, निविदा महाग होतील, अंदाजपत्रकात एक रकाना अधिक लागेल. पण तो खर्च आजही होतच आहे. फरक इतकाच की, तो सरकारी हिशेबात न दिसता सोनेगावसारख्या गावांतील घरांतून वसूल होतो: कमावता हात गेलेल्या कुटुंबाच्या कर्जातून आणि शाळा सोडून मजुरीला लागलेल्या मुलाच्या भविष्यातून.

सेवाग्रामची कुटी पुलगावपासून फार लांब नाही. संपत्ती बाळगणारा हा तिचा विश्वस्त असतो, हा विचार या जिल्ह्याला गांधीजींनी दिला. विश्वस्ताचे पहिले लक्षण असे की, जे त्याच्या स्वाधीन झाले त्याचा हिशेब त्याला द्यावा लागतो. आवारात पाऊल टाकणारा माणूस तेवढ्या वेळापुरता आवाराच्या धन्याच्या स्वाधीन झालेला असतो. सकाळी फाटकातून किती माणसे आत गेली याची नोंद सर्वत्र काटेकोर ठेवली जाते. संध्याकाळी तितकीच बाहेर आली नाहीत, तर ज्याच्या हाती फाटकाची किल्ली होती त्यानेच उत्तर दिले पाहिजे.